कुत्रं फुकट, चौकशी मणभर: चार स्टार

नाशिकजवळच्या या प्राण्यांच्या शेल्टरला चार स्टार देतेय, आम्ही इथून एक कुत्री घरी आणली. पाचवा का कापला ते पुढे सांगते, पण आधी एक. इथे ज्यांनी एक स्टार टाकून "नाटकं फार आहेत, रस्त्यावरचं कुत्रं द्यायला आधार कार्ड मागतात" असं लिहिलंय ना, त्यांनी हा रिव्ह्यू नक्की वाचा, कारण ज्याला तुम्ही नाटकं म्हणताय त्यालाच मी चार स्टार देतेय.

फोनचं आधी आटपून टाकते. बोर्डावर दोन नंबर आहेत, एक कायम बिझी आणि दुसरा नुसता वाजत राहतो, व्हॉट्सअ‍ॅपवर मेसेज टाकला की निळी टिक येते पण उत्तर काही येत नाही. नंतर तिथे गेल्यावर कळलं की गाडीखाली आलेलं कुत्रं, विहिरीत पडलेलं मांजर, हे सगळे कॉल पण त्याच नंबरवर येतात, मग आपला "पिल्लू आहे का हो" वाला फोन कोण उचलणार. बरोबर आहे त्यांचं, पण मग अ‍ॅडॉप्शनसाठी वेगळा नंबर ठेवायला काय जातं? तोंडावर सांगून झालंय, आता इथेही लिहितेय.

रस्ता म्हणाल तर डांबर संपल्यावर पुढे द्राक्षबागांच्या मधून कच्चा रस्ता आहे, पावसाळ्यात स्कूटी नेऊच नका, मागचं चाक जागेवर फिरतं. आणि सध्या सिंहस्थाच्या कामांनी शहरातच इतकं खोदून ठेवलंय की इंदिरानगरहून निघून द्वारका चौकात अडकलात तर तिथे पोचेपर्यंत गेट बंद. गेट संध्याकाळी पाचला बंद होतं. यावरून पण लोकांनी इथे लिहिलंय की नोकरदार माणसांनी यायचं कधी. मलाही तेच वाटलं होतं. पण बाहेरून बघितलं तर कळतं, तारेचं कुंपण वरून पण झाकलेलं आहे, कारण आजूबाजूला मळे, ऊस, आणि मळ्यात बिबट्या फिरतो हे नाशिककरांना वेगळं सांगायला नको, आता तर शहरात कॉलन्यांमध्ये शिरतो. कुत्रं म्हणजे त्याचं सगळ्यात सोपं खाणं. त्यामुळे अंधार पडायच्या आत सगळी कुत्री आतल्या खोल्यांत घ्यायची, मोजायची, मग कडी. तुमच्यासाठी साडेसहाला गेट उघडं ठेवणार नाहीत ते.

बिबट्यावरूनच आठवलं. आम्ही फॉर्म भरत बसलो होतो तेव्हा दिंडोरीकडचे एक काका आलेले, मळ्यावर राखणीला दांडगं कुत्रं पाहिजे म्हणून. तिथले दादा शांतपणे म्हणाले, "काका, रात्री कुठं बांधणार?" काका म्हणाले झाडाला, अजून कुठं. "मग नाही जमायचं." काका तापलेच, म्हणे अरे बिबट्या येतो म्हणून तर कुत्रं पाहिजे! त्यावर दादा म्हणाले, "साखळीला बांधलेलं कुत्रं भुंकून तुम्हाला उठवेल हो, पण ते स्वतः कुठं पळणार?" काकांकडे उत्तर नव्हतं, पण राग होता. दादांनी हेही सांगितलं की रात्री पडवीत घ्या, दाराला जाळी लावा, फोटो पाठवा, मग देतो. काका निघून गेले. त्यांनीच इथे एक स्टार दिला असेल तर मला नवल नाही वाटणार.

आता फॉर्म. घर स्वतःचं की भाड्याचं, भाड्याचं असेल तर मालकाचं पत्र, घरात कोणकोण, सगळे तयार आहेत का, दिवसभर घरी कोण असतं, गावाला गेलात तर ठेवणार कुठे, आधी एखादा प्राणी होता का आणि त्याचं काय झालं, बदली झाली तर, घरात बाळ आलं तर, आजारी पडलं तर खर्च कोण करणार. आमचे अहो अंबडला कंपनीत शिफ्टला जातात, त्यांना झोप आलेली, ते म्हणाले एवढी चौकशी तर तुझ्या बाबांनी पण नव्हती केली माझी. हसायला आलं पण खरंय ते. त्यातला "आधीच्याचं काय झालं" हा प्रश्न मला सगळ्यात आवडला, कारण शेजारच्या टेबलावर एक जोडपं होतं, त्यांनी अगदी सहज सांगितलं की आधी पॉमेरेनियन होता पण सोफा खराब करायचा म्हणून गावाकडे सोडला. त्यांचा फॉर्म तिथेच थांबला. आत केनेलमध्ये एक हस्की होता, बर्फाच्या देशातलं केसाळ कुत्रं ते, नाशिकच्या एप्रिलमध्ये हस्की, कूलरसमोर जीभ बाहेर काढून पडलेला, कोणीतरी रात्री गेटला बांधून गेलेलं. एक म्हातारी लॅब, म्हणजे लॅब्रॅडॉर, तिचं पोट बघूनच कळत होतं की पिल्लांसाठी वापर वापर वापरलीय आणि काम संपल्यावर टाकलीय. असली कुत्री रोज बघणारा माणूस आपल्याला दहा प्रश्न विचारणारच.

आम्ही गेलो होतो पिल्लू आणायला. आमच्या चिरंजीवांनी यूट्यूब बघून बघून नाव पण ठरवून ठेवलेलं, लुना. पण पिल्लांच्या खोलीत कोणाला सोडतच नाहीत, जाळीतून लांबून बघायचं. दारात ब्लीचच्या पाण्याचा ट्रे आहे, तिथल्या मावशी आत जाताना त्यात बूट बुडवूनच जातात. आधी वाटलं काय हा सोवळा कारभार, मग दादांनी पार्व्होबद्दल सांगितलं. हा व्हायरस आपल्या चपलेला लागून येतो, जमिनीवर महिनोन् महिने टिकतो, साध्या फिनाईलने मरत नाही, ब्लीचच लागतं. लस पूर्ण न झालेल्या पिल्लाला लागला की उलट्या, रक्ताची जुलाब, आणि वेळेत सलाईन लागली नाही तर दोन-तीन दिवसांत खेळ खलास. म्हणून पिल्लू आठ आठवड्यांच्या आत आईपासून काढत नाहीत, आणि सहा-आठ आठवड्यांपासून जे डोस सुरू होतात ते दर तीन-चार आठवड्यांनी, जवळजवळ चार महिन्यांचं होईपर्यंत, आणि रेबीजची लस तीन महिन्यांनंतर. तोपर्यंत पिल्लू खाली रस्त्यावर फिरवायचं नाही. मग विचारतात, दिवसातून आठ-दहा वेळा शी-शू काढायला कोण आहे घरी? मी शाळेत शिकवते, अहो शिफ्टला, मुलगा आठवीत, राहिल्या सासूबाई, आणि त्यांचं गुडघ्यांचं ऑपरेशन झालेलं.

दादांनी सरळ सांगितलं, ताई तुम्हाला पिल्लू नाही देणार, मोठं कुत्रं बघा. मुलाचं तोंड एवढंसं झालं.

पण हे जे त्यांनी केलं ना, त्यासाठीच हे चार स्टार आहेत. पिल्लं पटकन जातात, गोड दिसतात, फोटो टाकला की शंभर लोक विचारतात, शेल्टरला जागा रिकामी होते, त्यांना तर पिल्लू देऊन मोकळं होणं सोप्पं होतं. तरी आमच्या घराचं गणित करून त्यांनी नाही म्हटलं. मोठ्या कुत्र्याचं असं की जे आहे ते समोर दिसतं, किती उंच होणार, अंगावर येतं का, मांजर दिसलं की काय करतं, लहान मुलांजवळ कसं वागतं, हे तिथल्या लोकांना महिनोन् महिने बघून पाठ असतं. पिल्लाच्या बाबतीत सगळी लॉटरी.

भुरी आम्हाला तिसऱ्या का चौथ्या केनेलमध्ये भेटली. बाकीची सगळी जाळीवर उड्या मारत होती, कानठळ्या बसत होत्या, आणि ही पाण्याच्या टाकीच्या सावलीत गोणपाटावर पडून आमच्याकडे तिरकं बघत होती. गावठी, भुऱ्या रंगाची, दातांवरून तीन वर्षांची असेल म्हणाले, डाव्या कानाला वरून व्ही सारखा काप. तो काप म्हणजे नसबंदी झाल्याची खूण, बऱ्याच लोकांना वाटतं भांडणात कान फाटला. एका बांधकामाच्या साईटवर वॉचमनच्या कुटुंबाबरोबर राहायची, साईट संपली, ते गावी गेले, ही तिथेच, मग गाडीखाली मागचा पाय मोडला. पाय आता जुळलाय, फक्त पळताना जरासा उडवून टाकते. दादांनी मुलाला सांगितलं डोक्यावरून हात नको नेऊ, बाजूला बस, तोंड दुसरीकडे कर, हात खाली सोड. तो बसला. तिने आधी तोंड फिरवलं, ओठ चाटले, जांभई दिली, दादा हळूच म्हणाले झोप नाही आलेली, घाबरलीय, थांब तू. मग बऱ्याच वेळाने उठली, त्याच्या हाताचा मागून वास घेतला, बुटांचा घेतला, दप्तराच्या बंदाचा घेतला, त्यात डब्यातल्या चपातीचा वास असणार, आणि त्याच्या बुटावर हनुवटी टेकून परत आडवी झाली. लुना बिना सगळं विसरला तो.

त्याच दिवशी देत नाहीत पण. आधी घर बघायला येतात. दोन मुली आल्या होत्या, कॉलेजमधल्याच वाटल्या, बाल्कनीच्या गजांमधलं अंतर बघितलं, फिनाईल कुठे ठेवता, जिन्याचं दार बंद राहतं का, आणि मग मला आणि अहोंना बाहेर बसवून सासूबाईंशी वेगळं बोलल्या. सासूबाईंनी सांगून टाकलं की मला नको आहे, देवघरात आलेलं चालणार नाही, आणि मी हात लावणार नाही. मला वाटलं झालं, कॅन्सल. पण त्या म्हणाल्या आजी, हे चांगलं झालं तुम्ही सांगितलंत, आणि फॉर्मवर तसं लिहून घेतलं, देवघराच्या दाराला लहान मुलांसाठी लावतात ते फाटक लावायला सांगितलं, आणि खाणं-फिरवणं यातलं एकही काम आजींवर टाकायचं नाही असं आमच्याकडून लिहून घेतलं. सासूबाईंचं मत आजही तेच आहे, "तुमचं कुत्रं" असंच म्हणतात. फाटक आहे, भुरी फाटकाच्या अलीकडे बसते, घरात शांतता आहे. सगळ्यांना कुत्रं आवडलंच पाहिजे असा आग्रह न धरता सोय लावली, हे मला फार शहाणपणाचं वाटलं.

सोसायटीचं काय, हा पुढचा प्रश्न. आमच्या चेअरमन साहेबांनी नोटीस लावली की ठराव करून प्राणी बंद करणार. फाईलमध्ये शेल्टरवाले एक प्रिंट देतातच, प्राणी कल्याण मंडळाची २०१५ ची मार्गदर्शक तत्त्वं, त्यात स्पष्ट आहे की सोसायटीला पाळीव प्राण्यांवर बंदी घालता येत नाही, बहुमताने ठराव केला तरी नाही, आणि लिफ्ट वापरण्यावरही बंदी नाही. अर्थात आपणही शी उचलायची, पट्टा लावायचा, लस द्यायची, महापालिकेत नोंदणी करायची, ते काही कोणी माफ केलेलं नाही. मग ऑगस्ट २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाचा दिल्लीच्या भटक्या कुत्र्यांवरचा ११ तारखेचा आदेश आला तो साहेबांनी लगेच ग्रुपवर टाकला, "आता सगळी उचलणार" म्हणून. २२ तारखेला कोर्टाने तो बदलला, नसबंदी आणि लसीकरण करून जिथून उचललं तिथेच सोडायचं, रेबीज झालेली आणि चावरी सोडून, तो मात्र ग्रुपवर दिसला नाही, मग मीच टाकला. दोन्हींचा आमच्या घरातल्या भुरीशी काही संबंध नव्हता ही गोष्ट वेगळी.

घरी आणल्यावरचं खरं सांगते. ती आली आणि डायनिंग टेबलाखाली गेली. जेवली नाही. शू पण नाही, आम्ही घाबरलो. कुकरची शिट्टी झाली की अख्खी थरथरायची. लिफ्टमध्ये पाय टाकेना, म्हणून अहो नाईट करून येऊन तिला जिन्याने खाली न्यायचे. शेल्टरने आधीच सांगितलेलं तीन-तीन-तीनचं, म्हणजे तीन दिवस भेदरलेली राहील, तीन आठवड्यांत घराची सवय होईल, तीन महिन्यांत घर आपलं वाटेल, आणि तोपर्यंत पाहुणे बोलवू नका, आंघोळ घालू नका, कडेवर घेऊन रील बनवू नका. हे तीनचं काही शास्त्र नाही, अंदाज आहे, पण त्याने धीर येतो, नाहीतर पहिल्याच आठवड्यात "आमच्याशी अ‍ॅडजस्ट होत नाही" म्हणून परत आणून सोडणारे खूप असतात असं मावशी सांगत होत्या. पहिले दोन आठवडे ते ट्रायलवरच देतात, कागद पक्के नंतर. आता लिफ्टमध्ये स्वतः आधी शिरते. कुकरचं अजून पूर्ण गेलेलं नाही, तिसऱ्या शिट्टीला उठून बेडरूममध्ये जाते.

आता पाचवा स्टार. भुरीच्या कार्डावर रेबीजची लस, नऊ आजारांची नाईन इन वन लस, जंताचं औषध, गोचिडाचं औषध, सगळ्याच्या तारखा व्यवस्थित होत्या. पण रक्ताची तपासणी नव्हती केलेली. आणल्यावर काही दिवसांतच तिने खाणं सोडलं, अंग तापलं, हिरड्या पांढऱ्या पडल्या. डॉक्टरांनी रक्त तपासलं तर टिक फीवर, म्हणजे गोचिडाचा ताप. गोचीड पडून गेलं तरी त्याने सोडलेला आजार रक्तात राहतो, हे मला तेव्हा कळलं. साधारण चार आठवड्यांचा डॉक्सीसायक्लिनचा कोर्स, शिवाय लिव्हरचं औषध आणि परत परत रक्त. शेल्टरला कळवलं तर, यावेळी फोन उचलला हां, दादा दुसऱ्या दिवशी येऊन बघून गेले आणि अर्धा खर्च देऊ म्हणाले, आम्ही घेतला नाही. वागणं चांगलंच आहे. पण जिथे शेकड्याने कुत्री गोणपाटावर झोपतात, आजूबाजूला गवत आहे, तिथे प्रत्येक कुत्रं बाहेर द्यायच्या आधी एक सीबीसी आणि स्मिअर, म्हणजे रक्तपेशी मोजायची आणि काचेवर रक्त बघायची तपासणी, व्हायलाच पाहिजे. पैसे नसतील तर घेणाऱ्याकडून घ्या, आम्ही आनंदाने दिले असते. तुम्ही जाणार असाल तर आपणहून सांगा की आमच्या खर्चाने रक्त तपासून द्या. नाही म्हणत नाहीत.

मांजरांची खोली मला नाही आवडली, तेही लिहिते. छोटी आहे, खिडकी एकच, शू चा वास डोळ्यांत जातो, आणि मांजरं इतकी की वरच्या फळीवरून खाली यायला एकमेकांना पंजे. स्वच्छ ठेवतात, पण जागा कमी आहे. माझ्या नाशिकरोडच्या नणंदेने तिथूनच दोन पिल्लं घेतली, घ्यायची होती एकच, पण ते एकटं पिल्लू देत नाहीत शक्यतो, दोघं एकमेकांशी कुस्ती खेळतात म्हणून आपल्या पायांना कमी चावतात असं त्यांचं म्हणणं आणि ते खरं निघालं. तिच्या बाल्कनीला कबुतराची नायलॉनची जाळी होती, ती चालणार नाही म्हणाले, मांजर नखांनी आणि दातांनी फाडतं आणि पाचव्या मजल्यावरून खाली जातं, तारेची जाळी लावून फोटो पाठवल्यावरच मांजरं मिळाली. नसबंदीच्या तारखेचा पण मागे लागून फोन करतात (तेव्हा बरोबर फोन लागतो), कारण मांजर चार-पाच महिन्यांतच गाभण राहू शकतं आणि दोन महिन्यांत घरात पाच-सहा. आणि एक महत्त्वाचं त्यांनी लाल पेनाने लिहून दिलं होतं, मांजराला ताप आला तर क्रोसिन, पॅरासिटामॉल अजिबात नाही, एक गोळी पण जीव घेते. काळी मांजरं मात्र तशीच राहतात हो, आडवं जाईल म्हणून. शिकलेली माणसं म्हणतात हे.

फ्रीजवर लावायचा एक कागद कुत्र्यांसाठी पण देतात, काय द्यायचं नाही त्याचा. वाचून मी कपाळावर हात मारला, कांदा आणि द्राक्षं. नाशिकमध्ये राहायचं आणि कांदा-द्राक्षांपासून कुत्रं लांब ठेवायचं! कांद्याने रक्तातल्या लाल पेशी फुटतात, शिजवलेला असला तरी, म्हणजे आपली रस्साभाजी भातात कालवून द्यायची नाही. द्राक्षांनी किडनी जाते, आणि किती खाल्ली म्हणजे जाते याचा काही नेम नाही, एखाद्याला थोडीशी पण पुरतात. मनुके-बेदाणे पण त्यातच. आमच्याकडे सीझनला ओळखीच्यांच्या बागेतून पेटी येते आणि ती जमिनीवरच ठेवलेली असते, आता ती कपाटावर जाते. आणि सत्यनारायणाच्या शिऱ्यात मनुके असतात हे लक्षात ठेवा, प्रसाद म्हणून कोणीतरी प्रेमाने द्रोण खाली ठेवतंच. चॉकलेट सगळ्यांना माहिती असतं, शिरा कोणाच्या डोक्यात येत नाही.

पैसे म्हणाल तर कुत्र्याचे शून्य. दानपेटी आहे, कोणी मागे लागत नाही. पण फुकट म्हणून घेऊ नका, दरवर्षी लसी, दर तीन महिन्यांनी जंताचं औषध, शिवाय गोचिडाचं औषध, खाणं. आमच्याकडे भात, चिकन, थोडी भाजी, कधी दहीभात, आणि प्रवासात तयार पाकीट. दूध-चपातीवर मोठं कुत्रं जगतं पण धड राहत नाही, तेही दादांनीच सांगितलं.

जाणार असाल तर दोन-चार गोष्टी. जुन्या चादरी, गोणपाट, रद्दी पेपर घेऊन जा, पावसाळ्यात तर फारच लागतात. पाण्याचे पिंप भरायला माणसं कमी पडतात, तासभर हात लावलात तर त्या वेळात कुठलं कुत्रं कसं आहे ते फॉर्म न भरताच कळतं. रविवारी गर्दी, लोक मुलांना झू दाखवल्यासारखे घेऊन येतात, कुत्री पण चिडलेली असतात, त्यामुळे मधल्या वारी जा. "लॅबचं पिल्लू आहे का" हा प्रश्न गेटवरच विचारू नका, मावशी तुम्हाला थेट त्या म्हाताऱ्या लॅबसमोर नेऊन उभं करतील, आणि खरं सांगू, ज्यांच्या घरी दिवसभर आजी-आजोबा आहेत आणि जिना चढायचा नाही त्यांनी तीच न्यावी. ती अजून तिथेच आहे, मी गेल्या आठवड्यात चादरी द्यायला गेले तेव्हा बघितलं. फोन नाही लागला तर सरळ अकराच्या सुमाराला जाऊन उभे राहा, तेव्हा भाताचं पातेलं उतरवलेलं असतं आणि माणसं जागेवर सापडतात.